कारभारी चुकतो तेव्हा

संगणकाची कळ दाबली की थोडा वेळ पडद्यावर काहीच हालचाल दिसत नाही. मग एक चक्र फिरते, आणि पाहता पाहता चित्रे, खिडक्या आणि इकडून तिकडे धावणारा बाण असा सारा संसार मांडला जातो. हा संसार मांडतो कोण, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

पूर्वी मोठ्या वाड्यात एक कारभारी असे. कोणत्या बिऱ्हाडाला कोणती खोली द्यायची, विहिरीवर पाणी भरायची पाळी कोणाची, आलेला निरोप कोणाला पोचवायचा, हे सारे तो पाही. सर्व सुरळीत चालले असता त्याचे नावही कोणी घेत नसे. पण तो चुकला की साऱ्या वाड्यात गोंधळ! संगणकातही असाच एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात.

संगणकाने करावयाच्या कामाच्या सूचना क्रमाने लिहिल्या की तयार होते ती आज्ञावली, म्हणजेच प्रोग्रॅम. चित्रे काढण्याची आज्ञावली निराळी, पत्र लिहिण्याची निराळी, खेळाची निराळी. या साऱ्यांना स्मृतीतील जागा वाटून देणे, प्रत्येकीला पाळीपाळीने काम करू देणे, कळफलकावरील अक्षर योग्य आज्ञावलीकडे पोचवणे, ही कामे ऑपरेटिंग सिस्टिमची. तीही एक आज्ञावलीच, पण इतरांच्या वरची. म्हणून इतर आज्ञावली चुकली तर एक काम बिघडते. ही चुकली तर सगळीच कामे थांबतात.

घरातल्या व कचेरीतल्या टेबलावर बसणाऱ्या संगणकांसाठी असे कारभारी अमेरिकेत घडले. अॅपल कंपनीचा मॅकिंटॉश १९८४ च्या जानेवारीत बाजारात आला. मायक्रोसॉफ्टचे विंडोज एनटी १९९३ च्या जुलैमध्ये आणि विंडोज ९५ हे १९९५ च्या ऑगस्टमध्ये आले. ते घडवताना झालेल्या गमतीजमती तेथील लोकांनी पुढे लिहून ठेवल्या. वाचताना हसू येते, आणि हसता हसता एखादा उपयोगी धडाही मिळतो. त्यांतील काही आज पाहू या.

वजा दोन हजार ओळी

१९८२ च्या सुरुवातीची गोष्ट. अॅपलमध्ये मॅकिंटॉशच्या आधीच्या 'लिसा' या संगणकाचे काम जोरात चालू होते. काम किती झाले हे कळावे म्हणून व्यवस्थापकांनी एक फर्मान काढले. प्रत्येकाने आठवड्याला आपण आज्ञावलीच्या किती ओळी लिहिल्या, ते एका छापील तक्त्यावर भरून द्यायचे!

बिल अॅटकिन्सन हे त्या गटातील एक कुशल तज्ज्ञ. पडद्यावर आकृत्या काढणारा भाग त्यांच्याकडे होता. त्यांना हा तक्ता मुळीच पसंत नव्हता. त्याच सुमारास त्यांनी आपल्या आज्ञावलीचा एक गुंतागुंतीचा भाग अधिक सोप्या रीतीने पुन्हा लिहून काढला. नवा भाग जवळजवळ सहापट वेगाने चालू लागला, आणि सुमारे २,००० ओळी कमी झाल्या. तक्ता भरायची वेळ आली तेव्हा ओळींच्या रकान्यात त्यांनी शांतपणे लिहिले : वजा २,०००. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत त्यांच्याकडे तक्ता मागणे बंद झाले.

यातली गोम लक्षात आली ना? १ पासून १०० पर्यंतच्या संख्यांची बेरीज करायची आहे. एकाने ९९ बेरजा मांडून चार पाने भरली. दुसऱ्याने पहिली आणि शेवटची संख्या मिळवली, १०१. अशा ५० जोड्या झाल्या, म्हणून उत्तर ५,०५०. त्याची एकच ओळ झाली. पाने मोजून गुण दिले तर पहिला वर येईल. शिवाय ९९ बेरजांत चूक होण्याच्या ९९ जागा आहेत, दुसऱ्या रीतीत दोनतीनच. आज्ञावलीचेही तसेच आहे. न लिहिलेल्या ओळीत चूक असू शकत नाही.

'मला मठ्ठ म्हणता?'

त्याच लिसा संगणकावर एखादे काम करण्यापूर्वी पडद्यावर दोन खुणा येत. एकीवर इंग्रजीत 'डू इट', म्हणजे 'करा' असे लिहिलेले असे, आणि दुसरीवर 'रद्द करा' या अर्थाचा शब्द. काम करायचे तर पहिली खूण दाबायची. यात न कळण्यासारखे ते काय?

पण अॅपलमधील मंडळींनी एक शहाणपणाची चाल ठेवली होती. संगणक कधी न हाताळलेल्या माणसांना समोर बसवायचे, काही काम सांगायचे, आणि आपण मागे उभे राहून फक्त पाहायचे. मदत करायची नाही. १९८१ साली अशाच एका चाचणीत काही जण त्या खुणेपाशी येऊन अडखळू लागले. असे का होते ते पाहणाऱ्यांना कळेना. शेवटी एक गृहस्थ चिडून म्हणाले, की हा संगणक मला मठ्ठ का म्हणतो आहे?

झाले होते असे. त्या अक्षरवळणात इंग्रजी मोठा 'आय' आणि लहान 'एल' अगदी सारखे, म्हणजे नुसती उभी रेघ दिसत. दोन शब्दांमधील जागाही अरुंद होती. त्यामुळे 'डू इट' हे 'डोल्ट' असे वाचले जाई, आणि इंग्रजीत 'डोल्ट' म्हणजे मठ्ठ माणूस! खूण बदलली आणि तेथे 'ओके' आले. आज जगभर तुम्ही ज्या 'ओके'वर बोट ठेवता, त्याच्या मागे ही कथा आहे.

आपल्या देवनागरीतही असा प्रसंग येऊन गेला आहे. जुन्या वळणाचा 'ख' हा सुटा 'र' आणि 'व' असा दिसे. 'खाना' शब्द 'रवाना' असा वाचला जाण्याची भीती असे. म्हणून लिपीसुधारणेत त्या दोन भागांचे पाय खाली जोडले गेले. लिहिणाऱ्याला आपण काय लिहिले ते आधीच ठाऊक असते, म्हणून त्याला ही चूक दिसत नाही. ती नवख्या डोळ्यांनाच दिसते. एखादा माणूस यंत्रापुढे अडखळला, तर तोच मठ्ठ आहे असे समजण्याआधी यंत्राकडे एकदा नीट पाहावे.

दहा सेकंदांचे मोल

मॅकिंटॉश तयार होत असताना, १९८३ साली, अॅपलचे स्टीव्ह जॉब्स हे लॅरी केन्यन या अभियंत्याकडे आले. कळ दाबल्यावर संगणक कामाला लागेपर्यंत फार वेळ जातो, तो कमी करा, असे त्यांचे म्हणणे. केन्यन यांनी अडचणी सांगितल्या. तेव्हा जॉब्स यांनी एक हिशेब मांडला. समजा, पुढे ५० लाख लोक हा संगणक रोज वापरू लागले आणि आपण सुरुवातीचे १० सेकंद वाचवले, तर रोज ५ कोटी सेकंद वाचतील. वर्षाकाठी ही डझनभर माणसांची आयुष्ये झाली! एवढे जीव वाचवायला नकोत का?

हा हिशेब आपण ताडून पाहू. ५ कोटी सेकंद गुणिले ३६५ म्हणजे वर्षाला १,८२५ कोटी सेकंद. माणसाचे आयुष्य ७० वर्षांचे धरले, तर ७० × ३६५ × ८६,४०० म्हणजे सुमारे २२१ कोटी सेकंद. भागाकार आला ८ आणि थोडे वर. म्हणजे डझन नव्हे, आठ. तोंडी हिशेबात चार आयुष्ये जास्त धरली गेली; पण मुद्दा खोटा नव्हता. पुढच्या काही महिन्यांत सुरुवातीचा वेळ दहा सेकंदांहून अधिक कमी झाला.

एका माणसाचे दहा सेकंद म्हणजे काहीच नाही. पण एकाने केलेली वस्तू लाखो लोक वापरतात, तेव्हा त्याच्या आळसालाही लाखांनी गुणावे लागते.

माकडाची परीक्षा

पहिल्या मॅकिंटॉशची स्मृती होती अवघी १२८ किलोबाइट, म्हणजे सुमारे एक लाख एकतीस हजार अक्षरे मावतील एवढी. तीही भरत आली की आज्ञावल्या अडचणीत येत. अशा अडचणीच्या क्षणी होणारी चूक पकडणे फार कठीण, कारण ती कधीतरीच घडते आणि पुन्हा घडवू म्हटले तर घडत नाही.

यावर स्टीव्ह कॅप्स या तज्ज्ञाने १९८३ मध्ये एक नामी उपाय काढला. त्याने 'मंकी' म्हणजे माकड नावाची छोटी आज्ञावली लिहिली. ती सुरू केली की एखादे अदृश्य माकड संगणकापुढे बसल्यासारखे वाटे. बाण कोठेही धावे, खुणा कशाही दाबल्या जात, अक्षरे वाटेल तशी उमटत. शहाणा माणूस जे कधीच करणार नाही, ते सारे माकड तासन्‌तास करी. यातून अनेक लपलेल्या चुका उजेडात आल्या.

पण एक गंमत झाली. उड्या मारता मारता माकड केव्हातरी 'काम बंद' या आज्ञेवरही बोट ठेवी आणि परीक्षाच संपे! तेव्हा स्मृतीत एका जागी 'माकड जिवंत आहे' अशी खूण ठेवण्यात आली. ती दिसली की आज्ञावल्या 'काम बंद' ही आज्ञा कानाआड करीत.

आपण स्वतःच्या कामाची परीक्षा घेतो तेव्हा नकळत नीट वागतो. मळलेल्या वाटेनेच जातो. म्हणून वाट सोडून जाणारा कोणीतरी परीक्षक लागतो.

४९ दिवस, १७ तास

आता जरा गंभीर गोष्ट. स्कूटरच्या किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रात पाच घरे असली, तर ९९,९९९ नंतर काय येईल? पुन्हा ००,०००. संगणकाच्या मोजणीलाही ठरावीक घरे असतात. त्या काळी बहुधा ३२ घरे असत, आणि प्रत्येक घरात ० किंवा १ एवढेच बसे. म्हणजे २ चा ३२ वा घात, ४,२९,४९,६७,२९६ इतक्या निरनिराळ्या संख्या. त्यानंतर पुन्हा शून्य.

विंडोजमध्ये संगणक सुरू झाल्यापासून किती वेळ गेला, हे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजले जाई. दिवसाचे असे भाग होतात ८,६४,००,०००. भागाकार करून पाहा : ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटे आणि सुमारे ४७ सेकंद. एवढा काळ विंडोज ९५ किंवा विंडोज ९८ न थांबता चालू राहिले, तर ते ठप्प होत असे.

हा दोष उघडकीस आला १९९९ मध्ये. म्हणजे विंडोज ९५ बाजारात येऊन सुमारे साडेतीन वर्षे झाल्यावर! एवढा वेळ का लागला? त्यावर लोक विनोदाने म्हणत, की इतके दिवस ते मध्येच बंद न पडता चालतेच कोठे?

मोजणी शून्यावर आली की काम का थांबावे? भिंतीवरील १२ तासांचे घड्याळ घ्या. आता ११ वाजले आहेत आणि तीन तास थांबायचे आहे. एखाद्याने ११ अधिक ३ म्हणजे १४ अशी बेरीज केली आणि 'घड्याळात १४ वाजले की उठेन' असे ठरवले, तर तो कधीच उठणार नाही, कारण त्या घड्याळात १४ वाजतच नाहीत. शहाणा माणूस निराळे करतो. आताच्या वेळेतून निघाल्याची वेळ वजा करतो. २ वजा ११ म्हणजे वजा ९. त्यात १२ मिळवले की ३. तीन तास झाले! बेरीज करून वाट पाहणारा फसतो आणि वजाबाकी करणारा सुटतो, इतका लहानसा फरक.

पण या लहानशा फरकाची किंमत केवढी असू शकते ते पाहा. लॉस एंजेलिसजवळ पामडेल येथे आकाशातील विमानांना वाट दाखवणारे केंद्र आहे. वैमानिकांशी बोलण्याची तेथील यंत्रणा विंडोजवर चालणारी होती, आणि तीतही हीच ३२ घरांची मोजणी उलट्या क्रमाने शून्याकडे जात असे. हे ठाऊक असल्यामुळे दर ३० दिवसांनी यंत्रणा हाताने बंद करून पुन्हा सुरू करावी, असा नियम घालून दिला होता. १४ सप्टेंबर २००४ च्या सुमारास तेवढे राहून गेले. मोजणी शून्यावर आली आणि बोलणे बंद पडले. राखीव यंत्रणाही मिनिटाभरात थांबली. सुमारे ४०० विमानांशी असलेला संपर्क तुटला आणि तो तीन तासांहून अधिक काळ नीट होऊ शकला नाही. काही विमाने एकमेकांच्या ठरलेल्या अंतराहून जवळ आली. सुदैवाने टक्कर झाली नाही.

चूक कोणाची? पुन्हा सुरू करायला विसरलेल्या माणसाची, असे म्हणणे सोपे आहे. पण माणूस कधीतरी विसरणारच. ज्या यंत्राची सुरक्षितता कोणाच्या तरी न विसरण्यावर अवलंबून आहे, ते यंत्र अपुरेच समजावे.

दुसऱ्याच्या चुकीचा भार

नवा कारभारी आला तरी वाड्यातली बिऱ्हाडे जुनीच असतात. विंडोज ९५ तयार होत असताना लोकांकडे आधीच्या शेकडो आज्ञावल्या होत्या. त्या साऱ्या नव्या प्रणालीवर चालायला हव्यात. तेव्हा त्या कामाचे प्रमुख डेव्हिड कोल आपली मालवाहू गाडी घेऊन जवळच्या दुकानात गेले आणि तेथील प्रत्येक आज्ञावलीची एकेक प्रत विकत घेऊन आले! हा ढीग उपाहारगृहातील टेबलांवर मांडला गेला. गटातील प्रत्येकाने त्यांतून एकदोन उचलायच्या, वापरायच्या आणि काय बिघडते ते कळवायचे.

नगर वसवण्याचा 'सिमसिटी' हा खेळ तेव्हा फार लोकप्रिय होता. त्याच्या आज्ञावलीत एक दोष होता. स्मृतीतील एखादी खोली 'मी सोडली' असे सांगूनही तो खेळ पुन्हा त्याच खोलीत डोकावे. जुन्या प्रणालीत ती खोली लगेच दुसऱ्या कोणाला दिली जात नसे, म्हणून हे खपून गेले. विंडोज ९५ मात्र रिकामी खोली ताबडतोब दुसऱ्याला देऊ लागले आणि खेळ कोसळू लागला.

दोष खेळाचा होता. पण घरी बसलेला मुलगा काय म्हणेल? 'काल खेळ चालत होता, आज नवे विंडोज घातले आणि बंद पडला.' त्याच्या लेखी गुन्हेगार विंडोजच. म्हणून विंडोजमध्ये खास तरतूद केली गेली. सिमसिटी चालू आहे असे दिसले, तर सोडलेल्या खोल्या लगेच दुसऱ्याला द्यायच्या नाहीत! अशा तरतुदींनी लोकांची सोय होते, पण प्रणाली जड आणि किचकट होत जाते. अॅटकिन्सन यांच्या वजा दोन हजार ओळी आणि या अधिकच्या ओळी, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोठे काय करायचे, हे ठरवणेच खरे कठीण.

रोजची भट्टी

विंडोज एनटीच्या पहिल्या आवृत्तीत सुमारे ५६ लाख ओळी आणि ४०,००० फायली होत्या. त्या साऱ्या एकत्र करून पूर्ण प्रणाली बनवायला अनेक यंत्रांवर मिळून १९ तासांपर्यंत वेळ लागे. तरीही हे काम रोज केले जाई. का? महिन्याने एकदा सारे जोडले आणि बिघाड दिसला, तर हजारो बदलांतून दोषी बदल शोधावा लागतो. रोज जोडले, तर फक्त कालचे बदल तपासायचे.

शोधण्याचीही एक युक्ती आहे. समजा ६४ बदलांतील एक दोषी आहे. एकेक तपासत बसू नका. पहिले ३२ घालून पाहा. बिघाड दिसला तर दोषी त्यांत आहे, नाही तर उरलेल्यांत. मग १६, ८, ४, २, १. सहा चाचण्यांत चोर सापडतो!

रोजची भट्टी बिघडवणाऱ्याला काही ठिकाणी गमतीदार शिक्षा असे. कोठे डोक्यावर बोकडाची शिंगे चढवून बसायचे, कोठे सर्वांच्या खाऊसाठी पाच डॉलर भरायचे. शिक्षा हसत हसत दिली की चूक लपवावीशी वाटत नाही, आणि न लपवलेली चूक लवकर दुरुस्त होते.

चूक सर्वांसमोर झाली तरी हसून पुढे जाता येते. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ दाखवले जात होते. सहकाऱ्याने चित्र टिपणारे यंत्र जोडताच पडदा निळा झाला आणि सारे बंद पडले. शेजारी खुद्द बिल गेट्स उभे! सभागृह हसू लागले. तेव्हा गेट्सही हसले आणि म्हणाले, की म्हणूनच तर हे आम्ही अजून विक्रीला आणलेले नाही.

आता हे करून पाहा

१. अनेक संगणक १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. जुन्या पद्धतीत या मोजणीला ३१ घरे मिळतात, म्हणजे २ चा ३१ वा घात इतके सेकंद. ती मोजणी कोणत्या वर्षी संपेल? (उत्तर २०३८ येते का पाहा.)

२. एक हजार बदलांतील एक दोषी असेल, तर निम्मे निम्मे करण्याच्या युक्तीने जास्तीत जास्त किती चाचण्या लागतील?

३. लिंबाचे सरबत करण्याच्या सूचना कागदावर लिहा. मित्राला त्या शब्दशः पाळायला सांगा आणि तुम्ही गप्प बसून पाहा. 'लिंबू पिळा' असे लिहिले, पण आधी कापायला सांगितले नाही, तर तो काय करतो? त्याला हसू नका. तुमचा कागद दुरुस्त करा.